आगाखान राजवाडा : बंदिवासाचे स्मारक कसे पाहावे

वऱ्हाडातून पुण्यास जाणाऱ्या प्रवाशाच्या यादीत शनिवारवाडा, पर्वती आणि सिंहगड यांच्या जोडीला आगाखान राजवाड्याचे नाव बहुधा असतेच. अमरावती-अकोल्याकडील शाळांच्या सहलीही तेथे जातात. नगर रस्त्यावर येरवड्याच्या बाजूस ती प्रशस्त वास्तू उभी आहे. उंच कमानी, रुंद व्हरांडे, भोवती हिरवळ आणि जुने वृक्ष असा सारा थाट पाहून, येथे राहावयास मिळणे म्हणजे भाग्यच, असा विचार पाहणाऱ्याच्या मनात प्रथम येतो. मुले हिरवळीवर बागडतात, वडील मंडळी छायाचित्रे घेतात, आणि तासाभरात सर्वजण पुढच्या स्थळाकडे निघतात. परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धुमाळीत हीच वास्तू सुमारे एकवीस महिने बंदिस्थान होती, आणि आत आणलेल्या माणसांपैकी दोघे जिवंत बाहेर पडले नाहीत, ही गोष्ट त्या देखण्या कमानी आपण होऊन कोणास सांगत नाहीत. ती कोणी तरी सांगावी लागते. बंदिवासाचे स्मारक म्हणजे काय आणि ते पाहावे कसे, ह्याचा विचार ह्या वास्तूच्या निमित्ताने अवश्य करण्यासारखा आहे.

प्रथम शब्दांचा खुलासा करणे इष्ट होईल. कारण तुरुंग, युद्धकैद्यांची छावणी, स्थानबद्धांची छावणी आणि छळछावणी हे चार शब्द बोलताना सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. तुरुंगात जातो तो आरोपी किंवा गुन्हेगार. त्याच्यावर आरोप ठेवलेला असतो, साक्षीपुरावे होतात आणि न्यायाधीश शिक्षेची मुदत सांगतो. युद्धकैदी हा रणांगणावर हाती लागलेला शत्रूचा सैनिक होय. स्थानबद्ध हा ह्या दोहोंहून निराळा. त्याच्यावर आरोप नाही, त्याची चौकशी नाही, आणि सुटकेची तारीखही नाही. तो मोकळा राहिल्यास धोका संभवतो, असे सरकारला वाटले की तेवढे पुरते. छळछावणी ही ह्याच स्थानबद्धतेची अखेरची आणि अत्यंत भीषण अवस्था. तेथे माणसे नुसती डांबून ठेवली जात नाहीत. उपासमार, वेठ, रोगराई आणि शेवटी उघड संहार ह्यांच्या स्वाधीन केली जातात.

छावण्यांचा हा प्रकार जर्मनीतच जन्मला असे नाही. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात ब्रिटिश सेनेने दक्षिण आफ्रिकेतील शेते व घरे जाळून तेथील बायकामुलांना छावण्यांत कोंडले. त्या छावण्यांत रोगाने व कुपोषणाने २६ हजारांवर बोअर स्त्रिया व मुले मृत्यू पावली. कृष्णवर्णीय आफ्रिकी लोकांच्या छावण्या वेगळ्या होत्या. तेथे निदान १४ हजार माणसे मेली, आणि त्यांची दखल जगाने फार उशिरा घेतली. त्याच युद्धात पकडलेले काही बोअर सैनिक समुद्रापार आणून आपल्या अहमदनगरात ठेवण्यात आले होते. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात सापडलेल्या जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांनाही त्याच नगरात डांबले गेले. म्हणजे १९४२ साली महाराष्ट्रात ज्या बंदिस्थानांची योजना झाली, तिच्यामागे साम्राज्याचा चाळीस वर्षांचा सराव उभा होता.

युरोपातील छळछावण्यांची हकीकत आता जगजाहीर आहे. नाझी पक्षाने सत्ता हाती घेतल्यावर दोन महिन्यांच्या आत, मार्च १९३३ मध्ये, म्युनिकजवळ डाखाऊ येथे छावणी उघडली. आरंभी तीत राजकीय विरोधकांना 'संरक्षणात्मक अटके'च्या नावाखाली आणीत. पुढील बारा वर्षांत तेथे दोन लाखांहून अधिक माणसे डांबली गेली आणि सुमारे ४१ हजार मेली. पोलंडमधील ऑश्विट्झ तर संहाराचा कारखानाच ठरला. तेथे सुमारे ११ लाख माणसे मारली गेली; त्यांतील सुमारे १० लाख ज्यू होती.

ह्या जागांचे पुढे काय करावे, हा प्रश्न युद्ध संपण्यापूर्वीच निघाला. पोलंडातील लुब्लिनजवळची मायदानेक छावणी जुलै १९४४ मध्ये सोव्हिएत सेनेच्या हाती आली, आणि युद्ध चालू असतानाच त्याच वर्षी तेथे संग्रहालय स्थापन झाले. ऑश्विट्झची मुक्तता २७ जानेवारी १९४५ रोजी झाली, आणि जुलै १९४७ मध्ये पोलंडच्या संसदेने कायदा करून ती जागा स्मारक म्हणून राखली. डाखाऊचे स्मारक १९६५ साली उभे राहिले. ऑश्विट्झ येथे राखणदारांनी एक पथ्य पाळले आहे, ते ध्यानात घेण्यासारखे आहे. पळून जाणाऱ्या नाझींनी सुरुंग लावून उडविलेल्या विषारी वायूच्या कोठड्या पुन्हा बांधून नव्या केलेल्या नाहीत. ते भग्नावशेष भग्नच ठेवले आहेत. काटेरी तारा, बराकी, मेलेल्यांचे जोडे, नावे घातलेल्या त्यांच्या पेट्या ह्या सर्व वस्तू तेथे पुरावा म्हणून जपल्या आहेत. स्थळ सुशोभित करणे हा त्यांचा हेतू नाही. झालेली गोष्ट पुढे कोणी नाकारू नये, एवढाच हेतू आहे.

पुण्याच्या राजवाड्याची गणना ह्या छळछावण्यांत करणे सर्वथा अनुचित होय. तेथे कोणाची उपासमार झाली नाही, कोणास वेठीस धरले नाही. एखाद्या अन्यायाचे माप फुगवून सांगितले, तर ऐकणारा पुढे खऱ्या मापावरही विश्वास ठेवीनासा होतो. परंतु उलट बाजूची चूकही तितकीच घातक आहे. छळ नव्हता म्हणून बंदिवासही नव्हता, खोल्या मोठ्या होत्या म्हणून अन्याय लहान होता, असे मानणे सोयीचे असले तरी खरे नव्हे. ह्या दोन चुकांच्या मधून वाट काढावयाची असेल, तर प्रत्यक्ष काय घडले तेच पाहिले पाहिजे.

हा राजवाडा तिसरे आगाखान सुलतान महंमद शाह यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधविला. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे हा बांधकामाचा उद्देश होता, असे सांगतात. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईस गवालिया टँकच्या मैदानावर काँग्रेसच्या अखिल भारतीय समितीने 'छोडो भारत' चा ठराव संमत केला, आणि दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वीच सरकारने पुढाऱ्यांना उचलले. एकाच खास आगगाडीने त्यांना मुंबईबाहेर नेले. गांधीजी, महादेवभाई देसाई, मीराबेन व सरोजिनी नायडू यांना चिंचवडास उतरवून मोटारीने ह्या राजवाड्यात आणले. काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांची रवानगी अहमदनगरच्या किल्ल्यात झाली. त्याच दिवशी सायंकाळी शिवाजी पार्कवरील सभेत गांधीजींच्या ऐवजी कस्तुरबा बोलणार होत्या. त्यांनाही अटक झाली आणि सुशीला नय्यर यांच्यासह त्या दोन दिवसांनी राजवाड्यात आल्या. प्यारेलालही तेथेच दाखल झाले. वाड्याभोवती काटेरी तारेचे कुंपण होते, आणि सशस्त्र पहारा होता. आरंभी वृत्तपत्रे बंद होती. पत्रे लिहावयाची ती केवळ नातलगांना, आणि तीही घरगुती विषयांवरच, असा निर्बंध होता. ही अट मानून पत्र लिहिण्याचे गांधीजींनी नाकारले.

ही सारी अटक 'भारत संरक्षण नियमां'च्या आधारे झाली होती. त्यांतील २६ व्या नियमाने केवळ सरकारच्या समाधानावर कोणासही स्थानबद्ध करण्याचा अधिकार दिला होता. एप्रिल १९४३ मध्ये केशव तळपदे यांच्या प्रकरणी फेडरल कोर्टाने हा नियमच अवैध ठरविला. मूळ कायद्याने अटकेसाठी वाजवी संशयाची अट घातलेली असता नियमाने ती गाळून टाकली, हे कायद्याच्या मर्यादेबाहेरचे आहे, असा तो निर्णय होता. स्थानबद्धांची दारे ह्यामुळे उघडतील अशी आशा क्षणभर निर्माण झाली. परंतु सरकारने थोड्याच दिवसांत वटहुकूम काढून कायद्याचे कलमच बदलले, आणि तेही पूर्वीपासून बदललेले आहे असे समजावे असे जाहीर केले. न्यायालयाने उघडलेले दार एका कागदाने पुन्हा बंद झाले. १९४२ च्या आंदोलनात ९० हजारांहून अधिक लोक पकडले गेले. त्यांच्यापैकी फारच थोड्यांची नावे इतिहासात राहिली.

राजवाड्यातील पहिला मृत्यू एका आठवड्यातच ओढवला. १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाई देसाई हृदयविकाराने एकाएकी गेले. त्यांचे वय पन्नास होते आणि पंचवीस वर्षे ते गांधीजींच्या सावलीप्रमाणे वावरले होते. गांधीजींनी स्वहस्ते त्यांच्या देहाला स्नान घातले आणि वाड्याच्या आवारातच अग्निसंस्कार झाला. पुढे पाच वर्षांनी ह्याच तारखेस देश स्वतंत्र व्हावयाचा होता. ते अर्थात त्या दिवशी कोणास ठाऊक नव्हते.

ह्यानंतर १० फेब्रुवारी ते ३ मार्च १९४३ ह्या काळात गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. देशातील अत्याचारांचे सर्व खापर सरकार काँग्रेसवर फोडीत होते. त्या आरोपाला उत्तर देण्याचा दुसरा मार्ग त्यांना उरला नव्हता. ह्या उपोषणाचा एक धागा थेट वऱ्हाडापर्यंत येऊन पोहोचतो. वणीचे लोकनायक माधव श्रीहरी अणे हे त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद होते. गांधीजींची प्रकृती ढासळत असताही सरकार त्यांना सोडीना, तेव्हा अणे, होमी मोदी आणि नलिनी रंजन सरकार ह्या तिघांनी फेब्रुवारी १९४३ मध्ये आपल्या जागांचे राजीनामे दिले. तत्पूर्वी नोव्हेंबर १९४२ मध्ये चिमूर येथे लष्कराने स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी, म्हणून प्राध्यापक भन्साळी दिल्लीस अणे यांच्याच निवासस्थानी उपोषणास बसले होते. पुढे सेवाग्रामास चालविलेले त्यांचे ते उपोषण त्रेसष्ट दिवस चालले. पुण्याचा राजवाडा आणि विदर्भातील गावे ही त्या वर्षी एकाच तारेने वेढलेली होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

ज्यांना राजवाड्याचे वैभव पाहून हा बंदिवास सुखाचा वाटतो, त्यांनी खुद्द बंद्याचेच मत ऐकावे. मार्च १९४४ मध्ये गांधीजींनी सरकारास लिहिले की, एवढी अवाढव्य जागा आणि तिच्याभोवतीचा मोठा पहारा म्हणजे सार्वजनिक पैशाचा अपव्यय आहे. आपल्याला कोणत्याही साध्या तुरुंगात ठेवल्यास समाधान आहे. साधा तुरुंग जवळच होता. येरवड्याच्या मध्यवर्ती कारागृहाशी गांधीजींचा जुना परिचय होता. १९३२ चा पुणे करार तेथेच झाला. राजवाडा हा बंद्याच्या सोयीसाठी निवडलेला नव्हता. तो सरकारच्या सोयीसाठी निवडलेला होता.

राजवाडा आणि बंदिस्थान ह्यांतील भेद कस्तुरबांच्या अखेरच्या आजारात सर्वांत स्पष्ट दिसला. डिसेंबर १९४३ पासून त्यांना हृदयविकाराचे झटके येऊ लागले. वैद्य व परिचारक मिळावेत म्हणून गांधीजींना सरकारशी वारंवार पत्रव्यवहार करावा लागला. अखेर वैद्यराज शिव शर्मा यांच्या उपचारास परवानगी मिळाली. परंतु रात्री आत राहण्याची मिळाली नाही. रात्री-अपरात्री रोग्याला गरज लागेल म्हणून त्या वैद्यराजांनी दाराबाहेर आपल्या मोटारीत झोपून रात्री काढल्या. आत कितीतरी खोल्या मोकळ्या, आणि वैद्य फाटकाबाहेर गाडीत! स्थानबद्धता म्हणजे काय हे समजावून देण्यास ह्याहून अधिक काही सांगावयास नको. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या सायंकाळी, कस्तुरबांनी पतीच्या मांडीवर प्राण सोडला. त्यांचे वय ७४ होते. सार्वजनिक अंत्ययात्रेस सरकारने संमती दिली नाही. मोजक्या आप्तेष्टांच्या उपस्थितीत महादेवभाईंच्या शेजारीच त्यांचे दहन झाले.

हे भाग्यही सर्व स्थानबद्धांच्या वाट्यास आले नाही. अहमदनगरच्या किल्ल्यात असलेल्या मौलाना आझादांची पत्नी एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यास वारली. अखेरची भेट झाली नाही. त्याच किल्ल्यात १९४४ साली पंडित नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ पाच महिन्यांत लिहून काढला. दीर्घकाळ लष्कराच्या ताब्यात राहिलेल्या त्या किल्ल्यात पुढाऱ्यांच्या खोल्या स्मृती म्हणून राखण्यात आल्या. ग्रंथ झाला म्हणून बंदिवास इष्ट ठरत नाही. पावणेतीन वर्षे अंधारात ठेवलेल्या माणसांनी दिवा आपला आपण लावला, एवढाच त्याचा अर्थ.

६ मे १९४४ रोजी प्रकृतीच्या कारणास्तव गांधीजींची सुटका झाली. हा त्यांच्या आयुष्यातील शेवटचा कारावास. बाहेर पडताना त्यांनी सरकारकडे एक मागणी केली. दोघांच्या दहनाची जागा पवित्र मानून राखावी, आणि तेथे जाण्यासाठी आगाखानांच्या आवारातून वाट मोकळी असावी. ह्या राजवाड्याच्या स्मारकाचा खरा आरंभ त्या मागणीत आहे. कोणताही पुतळा वा मनोरा त्यांनी मागितला नाही. ज्या जागेतून बाहेर येण्यास बंदी होती, तेथे आत जाण्याची वाट त्यांनी मागितली. कस्तुरबांच्या नावाने देशाने ७५ लक्षांचा निधी जमविण्याचे ठरविले आणि त्याहून पुष्कळ अधिक रक्कम गोळा झाली. ती खेड्यांतील स्त्रिया व मुले यांच्या सेवेस लावण्यात आली. पुढे १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, चौथे आगाखान शाह करीम यांनी हा राजवाडा भारतीय जनतेस अर्पण केला. २००३ मध्ये पुरातत्त्व खात्याने त्यास राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून मान्यता दिली. आज तेथे त्या खोल्या, छायाचित्रे, वापरातील साध्या वस्तू आणि मागील बाजूस समाधिस्थान पाहावयास मिळते. गांधीजींच्या अस्थींचा काही अंशही तेथे ठेवलेला आहे.

आता ऑश्विट्झच्या राखणदारांचे पथ्य आठवून पाहावे. तेथे काटेरी तार जपली आहे. येथे ती राहिली नाही, आणि कमानी राहिल्या. त्यामुळे पुण्याच्या स्मारकात जे दिसते त्यापेक्षा जे दिसत नाही, त्याकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. मुलांना घेऊन जाणाऱ्या पालकांनी व शिक्षकांनी तीन प्रश्न बरोबर न्यावेत. येथे कोणाला ठेवले होते? कोणत्या कायद्याने ठेवले होते? आणि ह्या हिरवळीवरून ते कोठपर्यंत चालू शकत होते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधीत मूल फाटकापर्यंत चालत गेले, आणि त्या फाटकाबाहेर रात्र काढणाऱ्या वैद्याची गोष्ट त्यास तेथेच सांगितली, तर ती सहल सार्थकी लागली असे समजावे.

दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व तर आजही ओसरलेले नाही. विनाचौकशी स्थानबद्धता ही परक्या सरकारबरोबर गेली नाही. आपल्या राज्यघटनेच्या २२ व्या कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेची तरतूद आहे. तिला मर्यादा घातल्या आहेत, पण ती आहे. १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत सहस्रावधी नागरिक खटल्यावाचून डांबले गेले, आणि त्यांतील अनेकांनी ते दिवस येरवड्याच्याच कारागृहात काढले. राज्य आपले असले म्हणजे हा अधिकार निरुपद्रवी होतो असे नाही. तो कोणाच्या हाती आहे ह्याइतकेच, त्याच्यावर नजर कोणाची आहे, हे महत्त्वाचे ठरते. अशी नजर तयार करणे हेच अशा स्मारकांचे काम आहे.

वऱ्हाडाला ह्यासाठी पुण्यापर्यंतच जावे लागते असेही नाही. अमरावती जिल्ह्यातील यावली आणि बेनोडा ह्या गावांच्या नावांना १९४२ पासून 'शहीद' हा शब्द जोडलेला आहे. त्या यावलीत जन्मलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनाही त्याच वर्षी अटक होऊन नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवले गेले. ह्या गावांना कमानी नाहीत, हिरवळ नाही. गावाचे नाव हेच त्यांचे संग्रहालय. परंतु नाव हे वाड्याप्रमाणेच आहे. अर्थ सांगणारा कोणी नसेल तर तेही मुके होते. अमरावती-अकोल्याच्या घराघरांतून पुढच्या सुटीत मुलांस पुण्याचा राजवाडा अवश्य दाखवावा. पण त्यापूर्वी एखाद्या रविवारी यावलीस किंवा बेनोड्यास जावे, आणि त्या गावाच्या नावातील शेवटचा शब्द तेथे कसा आला, हे तेथील एखाद्या वृद्धास विचारावे.